निळ्या ड्रमांचा वर्ग

शेंद्रा,
दि. २१ ऑगस्ट २०२३

ती. आत्यास,
सावनीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं वेळापत्रक पोचलं. बाबांनी ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलंसुद्धा. पहाटे चारला उठणे, मग पाठांतर, मग सूर्यनमस्कार, मग दूध, मग गणित. आत्या, खरं सांगू का, वाचूनच मला झोप आली. तुझ्या शाळेत घंटा होती, शिपाई होता, छडी होती. माझ्या शाळेत एक टॅबलेट आहे आणि समोर अर्धवट बांधलेली इमारत. तिथं दिवसभर फरशा कापायचं मशीन किंचाळत असतं.

तू विचारलंस की नववीची शाळा घरबसल्या मिळते, तर अडचण ती काय! ऐक तर मग. तास सकाळी आठला सुरू होतात. ज्याला समजलं नाही त्याला नंतर बघता यावं म्हणून सगळे तास साठवून ठेवतात, आणि तीच खरी पीडा आहे. नंतर बघता येतं म्हटल्यावर आत्ता कोण बघतं? वीज गेली की मी सोडते, टँकर आला की सोडते, काहीच नाही झालं तरी सोडते. मग रविवारी सगळे तास दुप्पट वेगानं लावते. मॅडम चिमणीसारख्या चिवचिवतात. बघताना सगळं समजतं, आणि चाचणीला बसलं की पाटी कोरी. विज्ञानाच्या पहिल्या चाचणीत गचकले हे बाबांनी तुला कळवलं असेलच, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

पाण्याचं तर विचारूच नको. अख्खा श्रावण कोरडा चाललाय. बिल्डिंगची बोअर आटली, नळाची लाइन इकडं यायची अजून नुसती चर्चा आहे. इमारती मात्र रोज एक नवी उभी राहतेय, त्यांना पाणी कुठून देणार कोण जाणे. टँकर येतो तो त्याच्या मर्जीनं. आई बँकेत, बाबा कारखान्यात, म्हणजे खाली पळून पाइप लावायला आणि ड्रम भरायला मीच.

आणि फोन कर, फोन कर म्हणून मागं लागू नकोस. माझी फोनवर काय गत होते ते तुला माहीत आहे. शब्द स्वरानं सुरू झाला की माझ्या गळ्याला कडी लागते. जुन्या शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना मी 'उ'वर अडकायची आणि मागचे दोन बाक माझ्याबरोबर उ उ उ करायचे. म्हणून तर मी हट्टानं ही शाळा घेतली. इथं टाइप करून उत्तर देता येतं, कॅमेरा बंद, माइक बंद, कुणाला पत्ता नाही. फोनवर मी अडकले की तू माझा शब्द पूर्ण करतेस, मग वाक्यही तूच पूर्ण करतेस. मागं मी आजारी नाही एवढंच सांगत होते, तर तू आजारीवरच थांबलीस आणि काढ्याची बाटली पाठवून दिलीस! पत्रात निदान माझं वाक्य मला संपवता येतं.

बाबांनी आता निकाल देऊन टाकलाय. सहामाहीत नापास झाले तर जानेवारीपासून पुन्हा औरंगपुऱ्यातली तीच शाळा. मुख्याध्यापकांशी बोलूनही आलेत. आत्या, मी तिथं जाणार नाही. काहीही झालं तरी नाही.

लोभ आहेच, तो असू दे. सल्ले मात्र जरा बेतानं वाढ.

तुझी,
सावनी

•

दौलताबाद,
दि. २९ ऑगस्ट २०२३

चि. सावनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आतोबांना वाचून दाखवलं. ते काढ्यापाशी इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही. काढा उत्तम होता.

कार्टे, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. पोरं अभ्यास न करायला किती कारणं काढतात ते तू मला शिकवू नकोस. आधी कंदील नव्हता, मग कंदील आला तर रॉकेल नव्हतं, मग लाइट आली तर टीव्ही आला. आता म्हणे वेगच दुप्पट! नाचता येईना अंगण वाकडं. अगं, जेवण दुप्पट वेगानं केलं तर अंगी लागतं का?

मला विचारशील तर सगळं दुखणं त्या टॅबलेटच्या पाटीत आहे. तिच्यातच शाळा आणि तिच्यातच तमाशा, मग पोरगी तमाशाकडं वळणार नाही तर काय करणार. तुझा बाप दहावीला होता तेव्हा तुझ्या आजोबांनी, अप्पांनी, रेडिओ गोदरेजच्या कपाटात घालून चावी जानव्याला बांधली होती. आपल्या घराची ती रीतच आहे, परीक्षेच्या वर्षी करमणूक कपाटात. मी श्रीनिवासला वेगळं कळवते आहे.

इथं सीताफळं धरली आहेत पण लिंबाएवढीच. आपला गडी कडूबा रोज झाडाखाली उभा राहून आभाळाला शिव्या देतो, मीही दोन घालते. महालक्ष्म्यांना ये. पुरणपोळी खाताना बोलावं लागत नाही.

आशीर्वाद आहेतच, चारचा गजरही लाव.

तुझी,
मंजुषा आत्या

•

शेंद्रा,
दि. १७ सप्टेंबर २०२३

आत्या,
नमस्कार. एरवीचे मायने लिहायची इच्छा नाही. हेही आईनं उभं राहून लिहायला लावलं म्हणून.

तुझं ऐकून बाबांनी टॅबलेट कपाटात ठेवला. ठरलं असं, की तासाला काढायचा आणि तास संपला की परत आत. बुधवारी ते पहिल्या पाळीला गेले आणि चावी त्यांच्या खिशात गेली. त्याच सकाळी विज्ञानाची दुसरी चाचणी होती. मी कपाटासमोर उभी होते, आत्या! आतून टॅबलेटचा सूचनेचा टिंग ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून बाबांचा फोन घरीच असतो. गेटवर फोन लावून निरोप देता आला असता. मी लावलाही. पलीकडून वॉचमन हॅलो हॅलो म्हणत राहिला आणि मला आमचं आडनावसुद्धा सांगता येईना, तेही 'आ'नंच सुरू होतं ना. त्यानं चेष्टा समजून फोन ठेवला.

शून्य मिळालं. शाळेनं कळवलंय की चाचणी पुन्हा होत नाही, आता सगळं सहामाहीवर. बाबा म्हणतात की चूक त्यांची खरी, पण अट अट आहे, आणि ही शाळा मुळातच झेपत नाहीये मला. वा! कपाटात कोंडलं तुम्ही आणि झेपत नाही मला!

तुम्ही सगळे फार प्रेमानं माझ्या वतीनं सगळं करता. वेळापत्रक तुम्ही लिहिता, कपाट तुम्ही लावता, वाक्य तुम्ही संपवता. उद्या परीक्षाही तुम्हीच देऊन टाका.

महालक्ष्म्यांना येणार नाही. आई-बाबा येतील तर येवोत.

सावनी

ता. क. वन्सं, मीनाक्षीचा नमस्कार. पोरीनं लिहिलं ते उर्मट आहे, पण खोटं नाही. मी फाडून टाकणार होते, मग म्हटलं जाऊ दे. त्या दिवसापासून ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवते. यंदा आमचंही येणं होईल असं वाटत नाही.

•

दौलताबाद,
दि. २७ सप्टेंबर २०२३

चि. सावनीस,
आशीर्वाद. घे किंवा ठेव.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस आला. आतोबांवर काढला, कडूबावर काढला, महालक्ष्म्यांपुढं बसूनही मनात तुझ्याशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी राग संपला आणि कपाटासमोर उभी असलेली तू दिसायला लागलीस. माझं चुकलं, पोरी. वेळापत्रक फाडून टाक. श्रीनिवासला मी फोनवर असं झापलंय की चावी आता तुझ्या हातात असेल.

आता मी सल्ला देत नाही, विचारते. रविवारी तू जे दुप्पट वेगानं बघतेस, त्यातलं सोमवारी काय उरतं? मला खरंच कळत नाही म्हणून विचारते आहे. एक धडा बघ, मग ती पाटी दुसऱ्या खोलीत ठेव आणि काही न बघता मला लिहून पाठव. मी मराठी शिकवायची, विज्ञानात माझा आनंदच आहे, त्यामुळं मला समजेल असं लिही.

लोभ करायचा की नाही ते तू ठरव. माझ्याकडून तुटणार नाही.

तुझी,
आत्या

•

शेंद्रा,
दि. १२ ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

(बघ, मायना परत दिला. सबंध नाही, अर्धाच.)

तू सांगितलंस तसं केलं. ध्वनीचा धडा बघितला, टॅबलेट स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि कागद घेऊन बसले. आत्या, चार ओळी आल्या! चार! तो धडा मी तीनदा बघितला होता, मला वाटत होतं पाठ आहे. मी इतकी चिडले की कागदाचा बोळा करून गॅलरीत फेकला. म्हणजे इतके महिने मी अभ्यास करत नव्हतेच, दुसऱ्याला अभ्यास करताना बघत होते.

परत तेच केलं. जिथं अडलं तेवढाच तुकडा बघितला, साध्या वेगानं. परत फ्रिजवर. पानभर आलं. सोबत जोडलंय. तुला समजलं नाही तर तुझ्या डोक्याचा दोष, माझा नाही.

आता वाईट बातमी. सहामाहीत विज्ञानाची तोंडी परीक्षा आहे. कॅमेरा चालू, माइक चालू, मृण्मयी मॅडम विचारणार आणि आपण बोलायचं. टाइप केलेलं चालणार नाही. तोंडीला उत्तीर्ण झालं नाही तर लेखी कितीही चांगलं जाऊ दे, विषय गेला. मी ती सूचना तीनदा वाचली. ज्याच्यापासून पळून आले ते इथंच येऊन बसलंय.

मॅडमनी म्हटलंय की धडा मोठ्यानं कुणाला तरी समजावून सांगा, तोच खरा सराव. कुणाला सांगू? आई मान हलवून मदत करते, बाबा शब्द पुरवतात. शेवटी चिडून गॅलरीत गेले आणि निळ्या ड्रमांना सांगितलं. तीन आहेत. ते मान हलवत नाहीत, शब्द पुरवत नाहीत आणि घड्याळ बघत नाहीत. मी 'आवाज' या शब्दावर इतकी अडकले की खालून कुत्रं भुंकून गेलं, पण ड्रम थांबले. शेवटी शब्द निघाला. हसू नकोस.

लोभ पूर्ववत करण्याचा विचार चालू आहे.

तुझी,
सावनी

•

दौलताबाद,
दि. २० ऑक्टोबर २०२३

चि. सावनीस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही. आतोबा हसले, त्यांना दटावलं.

तुझं पान वाचलं. हवा हलते आणि तिचा ध्वनी होतो इथवर समजलं. वारंवारतेपाशी मी आडवी झाले. तिथं तू पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं ठेवलंस, म्हणजे तुलाही समजलेलं नाही. मास्तरणीला फसवू नकोस.

आता माझा प्रश्न. घागर भरत आली की तिचा आवाज बारीक होत जातो. मी चुलीपाशी पाठ करून बसले तरी ओट्यावरची घागर भरली की मला कळतं, आईलाही कळायचं. पण असं कामून होतं? जन्मभर कानानं ऐकलं आणि एकदाही विचारलं नाही. आतोबांना विचारलं तर म्हणतात घागरीचा स्वभाव. ड्रमांना विचार आणि मला कळव.

तोंडी परीक्षेचं वाचलं. काय सांगावं सुचत नाही, म्हणून काही सांगत नाही. यातही मला किती कष्ट पडतायत याची तुला कल्पना नाही.

विचार लवकर संपव आणि लोभ पूर्ववत कर.

तुझी,
आत्या

•

शेंद्रा,
दि. ३ नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास,
सावनीचा कृ. सा. न. वि. वि.

आधी तुझी घागर. पाणी भरत जातं तशी वरची हवा कमी उरते. हवेचा लांब खांब सावकाश थरथरतो, म्हणून आवाज जाड. आखूड खांब भरभर थरथरतो, म्हणून आवाज बारीक. भरभर म्हणजेच वारंवारता जास्त. झालं! पुस्तकातलं एक वाक्य नाही. हे शोधायला मी टँकरच्या पाइपाशी कान लावून बसले आणि ड्रमांना चार वेळा समजावलं. आता सकाळी तास, मग तासाभरात न बघता लिहिणं, संध्याकाळी ड्रम. चारचा गजर नाही, तुझ्या नाकावर टिच्चून.

आता जे झालं ते सांगते. मंगळवारपासून न आलेला टँकर काल आला आणि तो नेमका विज्ञानाच्या तासात. मी पळाले. तर तिसऱ्या मजल्यावरच्या हिमांशू काकांनी आमचा पाइप काढून त्यांचा लावलेला, आणि वर मलाच सांगतात की लहान मुलांनी मध्ये बोलू नये. आत्या, माझा तोल गेला. आधी पाइप ओढला, मग बोलायला लागले. आमचा नंबर आधी आहे, हे सांगताना 'आमचा'वर अशी अडकले की टँकरवाला उतरून बघायला आला. काका म्हणाले की असू दे, असू दे, राहू दे बाळ. मी त्यांना म्हटलं की राहू देणार नाही, माझं वाक्य व्हायचंय अजून. आणि पूर्ण केलं. सगळे उभे राहून ऐकत होते. पाइप आमचा लागला.

वर आले. गॅलरीचं दार उघडं, टॅबलेट तिथंच, आणि पळताना हात लागून माइक चालू झालेला! अख्ख्या वर्गानं ऐकलं होतं. अडकलेलं, ओरडलेलं, सगळं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मग बीडचा एक शंतनू आहे, त्यानं लिहिलं की पाणी मिळालं का? त्यांच्याकडंही टँकरच आहे. मी लिहिलं, तीन ड्रम. मग कुणीतरी टाळ्या पाठवल्या. मॅडम फक्त म्हणाल्या की चला, पुढं जाऊ. रात्रभर रडले, तरीही सांगते, उ उ उ कुणी केलं नाही.

पण तोंडीचं भय तसंच आहे. भांडताना राग होता, परीक्षेत राग कुठून आणू? मॅडमना मी लिहून कळवलं की मला बोलायला जास्त वेळ लागतो, तेवढा द्यावा आणि माझा शब्द कुणी पूर्ण करू नये. हे लिहिताना तुझीच आठवण आली. त्यांनी होकार दिला. तोंडी सत्तावीस तारखेला आहे.

लोभ पूर्ववत. काढा पाठवू नकोस.

तुझी,
सावनी

•

दौलताबाद,
दि. १ डिसेंबर २०२३

चि. सावनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोनवर जे सांगितलंस ते तुझ्याच नियमानं लिहिते आहे, म्हणजे काही न विचारता, न बघता. चुकलं तर तांबडी शाई वापर.

मॅडमनी तुला ध्वनीचंच विचारलं. तुला भरत्या ड्रमाचं उदाहरण द्यायचं होतं आणि पहिलाच शब्द 'आवाज' आला. तू ध्वनी म्हणून सुटू शकली असतीस, नेहमी तशीच सुटतेस, पण तुला वाटलं की नाही, आज आवाजच म्हणायचं. कडी लागली. मॅडम थांबल्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. तू टॅबलेटच्या वरून गॅलरीतल्या ड्रमांकडं बघत राहिलीस आणि मग शब्द आला, आणि मागून सगळं आलं. हवेचा खांब, थरथर, वारंवारता. मध्ये आणखी चारदा अडकलीस. मॅडमनी विचारलं की हे कुठं वाचलं, तर तू सांगितलंस की आत्यानं विचारलं होतं. विज्ञानात उत्तीर्ण, इतिहासात काठावर. बापानं जुन्या शाळेचा फॉर्म आपल्या हातानं फाडला आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळं ऐकू आलं. बरोबर आलं का सगळं?

आता माझं ऐक, हे तुला दिसलं नसेल. फोन वाजला, नाव श्रीनिवासचं होतं. मी हॅलो म्हटलं तर पलीकडं काही नाही. नुसता श्वास. मग 'आ'. परत 'आ'. मला कळलं कोण आहे ते. पोरी, माझ्या जिभेवर अख्खा शब्द तयार होता! पदराचा बोळा करून तोंडात धरला. आतोबा पेपर टाकून उभे राहिले, त्यांना वाटलं मला काही झालं, कारण इतका वेळ मी गप्प बसलेली त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. मी त्यांना हातानंच खाली बसवलं. तुझ्या जन्मापासून तू मला त्या नावानं फोनवर कधी हाक मारली नव्हतीस. ती मीच दर वेळी आधी पूर्ण करून टाकायची.

मग तू म्हणालीस, आत्या. सबंध. आणि मी काहीच बोलत नाही हे बघून घाबरून विचारलंस की ऐकू येतंय ना, तू आहेस ना. सावकाश बोल गं, असं मी म्हणणार होते. जीभ चावली. आहे, एवढंच म्हणाले.

पत्रं लिहीत राहा, फोनही करत राहा. आत्याला आता थांबता येतं.

तुझी,
मंजुषा आत्या